बेकरीवाल्याची जांभळी ब्रोकोली

६ एप्रिल

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पाकीट पोचलं. हाताला जाड लागलं तेव्हा वाटलं, आज चांगलीच बोलणी खायची आहेत. उघडलं तर आत कागदाची पुडी, पुडीत मोहरीसारख्या चिमूटभर बिया, आणि वर तुझ्या अक्षरात 'जांभळी ब्रोकोली, फुटव्यांची'. भावाने छातीचं दुखणं कळवावं आणि बहिणीने उत्तरादाखल बियाणं पाठवावं, हे आपल्याच घरात होऊ शकतं.

दुखण्याचं नीट सांगतो. छातीचे डॉक्टर म्हणाले की चाळीस वर्षांचं पीठ आत बसलं आहे. वर्षभर पिठाच्या धुळीजवळ फिरकायचं नाही, भट्टीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. वर्षाने पुन्हा तपासणार. सुधारणा दिसली तर पुढचं बघू, आणि नाही दिसली तर बघण्यासारखं फारसं उरणार नाही, असं त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं. एक नळी दिली आहे, तिच्यात रोज सकाळी जीव खाऊन फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा. आजचा दोनशे चाळीस. माझ्या वयाला पाचशेच्या आसपास हवा म्हणे.

बेकरी आता तुझी लाडकी भाची, आपली चिमणी, बघते. सहा वर्षं माझ्या हाताखाली पाव वळले, आता मला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवते. मी घरी बसलो आहे. जुनी सवय, पहाटे डोळा उघडतोच, आणि मग करायचं काय हे कळत नाही. ही म्हणते की मी दिवसातून दहा वेळा ओटा पुसतो आणि तरी त्याच्याकडे संशयाने बघतो. बियांचं काय करायचं ते सविस्तर लिही. मला कणकेखेरीज काही वाढवता येत नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, उपदेश मात्र बेताने करावा.
तुझा धाकटा


१५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ओट्याला सोड. बियाण्यांच्या दुकानात बत्तीस वर्षं काउंटरमागे उभी होते, तेव्हा मी सांगते तसं निमूटपणे कर. पसरट ट्रेमध्ये माती भरून अर्ध्या बोटाच्या खोलीवर बी टाक. उन्हाच्या खिडकीत ठेव, पाणी शिंपडत राहा. रोप वीतभर झालं की मागच्या परसात लाव, दोन रोपांत चांगलं अडीच फूट अंतर ठेवून. एवढी जागा कशाला म्हणून कुरकुर करशील. ती कर, पण अंतर सोड.

ही ब्रोकोली गड्ड्याची नाही, आणि तिला तुमची डोंगरावरची थंड हवा चांगली मानवते. झाड कमरेएवढं होतं आणि त्याला जागोजागी जांभळे कोंब फुटतात. ते खुडायचे, की आणखी येतात. तीनेक महिन्यांत ताटात पडेल. तेवढा धीर धर आणि तेवढे दिवस बेकरीच्या गल्लीतून जाऊ नकोस. तुझ्या बायकोला म्हणावं, ओटा पुसू दिल्याबद्दल तिचे आभार.

रोजचा आकडा मला कळवत जा. जीव लागून राहतो.
ताई


४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रोपं वाफ्यात गेली. एकूण अकरा. अंतर फूटपट्टीने मोजलं, नाहीतर तू इथे येऊन मोजशील. माती मात्र मी माझ्या पद्धतीने केली आणि त्याचा मला अभिमान आहे. सगळा वाफा खणून, पिठाच्या जुन्या चाळणीतून माती चाळून घेतली. ओरडू नकोस, चाळणी तीनदा धुतली होती आणि ती आणून दिली चिमणीनेच. मग खत घालून हाताने अशी हलकी केली की बोट टाकलं तर कोपरापर्यंत जावं. शेजारचे निवृत्त बसड्रायव्हर कुंपणावरून बघत होते. म्हणाले की वाफा करतोयस की केक. मला ती स्तुतीच वाटली.

आकडा दोनशे पासष्ट. जिन्यात अजून एकदा थांबावं लागतं. तुझ्या हिशेबाने तीन महिने होत आले, पण रोपांना कोंबांचा पत्ता नाही, नुसती पानं. असो. पहिल्या कोंबांबरोबर पाव माझ्या हातचा हवा, असं मी चिमणीला सांगून टाकलं आहे. ती नुसतं 'बघू' म्हणाली. तिचं 'बघू' हुबेहूब तुझ्यासारखं आहे.

घरचे सगळे ठीक. आठवण ठेवतेसच, पत्रही पाठवत जा.
धाकटा


२१ सप्टेंबर

ती. आत्यास,
चिमणीचा शि. सा. न.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

आधी चांगलं सांगते. जुलैपासून बाबा रोज सकाळी वाफ्यापाशी असतात. पांढरी फुलपाखरं पानांखाली अंडी घालून जातात आणि त्यातून अळ्या निघतात. बाबा त्या पाव उचलायच्या लांब चिमट्याने एकेक वेचतात. कबुतरांसाठी जाळी बांधली आहे, ती आईच्या जुन्या पडद्यांची आहे. आईला हे जाळी बांधून झाल्यावर कळलं. त्यांचा आकडा तीनशेवर आला आहे आणि रात्रीचा खोकला निम्म्याने कमी झाला आहे.

आता काळजीचं. पाच महिने झाले तरी एक कोंब नाही. ड्रायव्हरकाका रोज विचारतात की भाजी खायला कधी बोलावणार, आणि बाबा धुमसत घरात येतात. काल त्यांनी ठरवून टाकलं की रोपं खोटी आहेत, एक तारखेला सगळी उपटायची आणि एक तारखेलाच भट्टीवर परत यायचं. डॉक्टरांनी वर्ष सांगितलं ते सामान्य माणसासाठी, असं त्यांचं म्हणणं आहे. मी समजावलं, आई रडली, काही उपयोग झाला नाही. आत्या, मला भट्टी एकटीने सांभाळता येते. बाबांशिवाय राहणं मात्र मला जमणार नाही. तूच त्यांना काहीतरी लिही.

तुझी माया अशीच पाठीशी राहू दे.
चिमणी


२८ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रोपांना हात लावू नकोस. ती खोटी नाहीत. खोटी मी आहे.

फुटव्यांची जांभळी ब्रोकोली तीन महिन्यांत येत नाही. तिला जवळजवळ वर्ष लागतं. एप्रिलमध्ये पेरली की ती ऑक्टोबरपर्यंत नुसती पानं वाढवते, हिवाळाभर थंडीत उभी राहते, आणि थंडी खाल्ल्यावरच मार्चमध्ये कोंब देते. दुकानात महिन्याभरात येणारी वीस बियाणी होती. ती सोडून ही पुडी मी मुद्दाम उचलली. डॉक्टरांनी तुला वर्ष सांगितलं होतं, आणि तू वर्षभर एका जागी थांबणारा माणूस नाहीस. वर्ष म्हटलं असतं तर बी पेरलंही नसतंस.

आणखी एक सांगते, ते आजवर सांगितलं नव्हतं. आपले वडील गेले तेव्हा तू भट्टीवर होतास, कारण अण्णांनीच तुला पाठवलं होतं. पाव वेळेवर निघायला हवेत म्हणाले. शेवटचे दोन तास त्यांच्याजवळ मी होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि खोकला बोलू देत नव्हता. काय बोलायचं होतं ते मला आजही माहीत नाही. त्यांना एकसष्टावं लागलं नव्हतं, आणि तू मार्चमध्ये साठीचा होशील. गेल्या वर्षी फोनवर तुझा खोकला ऐकला. तोच खोकला होता.

रागाव, हवं तर वर्षभर पत्र लिहू नकोस. पण एक तारखेला भट्टीवर जाऊ नकोस. हात जोडून सांगते.
तुझी खोटारडी ताई


२ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार वगैरे काही नाही. महिनाभर लिहिलं नाही ते रागानेच. अजूनही आहे.

भट्टीवर गेलो नाही. रोपंही उपटली नाहीत. परवा रात्री वारा सुटला आणि सकाळी अकरापैकी चार आडवी झालेली. बाकीची मुळापासून हलतात, दुखऱ्या दातासारखी. ड्रायव्हर म्हणतात की मेली समज. काय करायचं ते एका ओळीत कळव. जास्त लिहू नकोस.

आकडा तीनशे वीस.
धाकटा


८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, तुला नको असले तरी.

एका ओळीत मावत नाही. दोष तुझ्या चाळणीचा आहे. कोबी, ब्रोकोली या जातीला हलकी माती चालत नाही, घट्ट लागते. एवढ्या उंच झाडाला मऊ गादीवर उभं केलंस तर वारा त्याला झोपवणारच. हे जुलैमध्येच मला कळलं होतं. पण तू इतका खूश होतास की तुझा विरस करवेना. ती चूक माझी.

आडवी रोपं सरळ कर, बुंध्याशी माती ओढ आणि जड बूट घालून टाचेने गच्च तुडव. मनाला लागेल, तरी तुडव. पान धरून ओढलंस तर पान फाटावं पण रोप हलू नये, इतकी घट्ट. मग प्रत्येकाला खुंटी ठोकून सैलसर बांध. मेलेलं काही नाही. ड्रायव्हरना त्यांची बस सांभाळायला सांग.

विचारलंस, बरं वाटलं. आणखी काय लिहू.
ताई


१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नमस्कार परत सुरू केला आहे याची नोंद घ्यावी.

तुडवली. चाळीस वर्षं कणीक हलकी करण्यात गेली, आणि म्हातारपणी नाचल्यासारखा वाफ्यात पाय आपटत होतो. खिडकीतून ही आणि चिमणी बघून हसत होत्या. नऊ रोपं उभी आहेत, दोन गेली. गेल्या आठवड्यात कडक थंडी पडली. सकाळी पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती आणि कडांना पांढरं बसलं होतं. मी कोट घालून तिथेच खुर्ची टाकून बसलो. अकरा वाजता ऊन आलं आणि तासाभरात एकेक पान उचललं गेलं. दुपारी बघावं तर काही झालंच नाही अशी उभी. हिला बोलावून दाखवलं. ती म्हणाली की इतका वेळ गप्प बसलेलं मला तिने कधी पाहिलं नव्हतं.

अण्णांचं तू लिहिलंस ते रोज मनात येतं. पाव वेळेवर निघाले होते त्या दिवशी. फार चांगले निघाले होते. ते मी कधी कोणाला सांगितलं नाही.

आकडा तीनशे साठ. जिन्यात थांबत नाही.

तब्येत जप, गुडघ्याला शेक दे, माझ्यावरचा जीव तसाच राहू दे.
धाकटा


२२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आले. दहा तारखेला पहिला दिसला, पानाच्या बगलेत, करंगळीएवढा, शाईत बुडवून काढल्यासारखा. आता नऊच्या नऊ झाडांना इतके फुटले आहेत की रोज खुडावे लागतात, नाहीतर पिवळी फुलं येऊन कोंब वाया जातात. पहिल्या दिवशी हिने ते पाण्यात टाकले आणि दोन मिनिटांत सगळा जांभळा रंग उतरून भाजी साधी हिरवी झाली. अकरा महिने वाट बघून हिरवी. मी खरंच दुखावलो. मग खाल्ली. ताई, तुला सगळं माफ केलं. दुसऱ्या दिवसापासून नुसती तव्यावर परततो, रंग बराचसा टिकतो. ड्रायव्हरना वाटीभर दिली, त्यांनी वाटी परत करताना आणखी मिळेल का विचारलं.

साठी झाली आणि त्याच आठवड्यात तपासणीही झाली. आकडा चारशे दहा. डॉक्टरांनी दोनदा फुंकायला लावलं, त्यांचा विश्वास बसेना. दुकानात पुढच्या बाजूला तासभर उभं राहायला हरकत नाही म्हणाले. भट्टीच्या खोलीचं मात्र नाव काढायचं नाही, या वर्षी नाही आणि पुढेही कधी नाही. घरी येताना मी रडलो. ही बरोबर होती, तिने रडू दिलं.

काल दुकानात गेलो, कोंबांची जुडी घेऊन. काचेपलीकडे चिमणी पाव काढत होती. खालून जरा जास्त भाजले होते. मी जुडीची दोरी सारखी करत राहिलो. ती बाहेर आल्यावर मी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. ही गोष्ट तुलाही माहीत नाही. एप्रिलमध्ये सगळ्या किल्ल्या तिला दिल्या, तेव्हा मागच्या गल्लीतल्या दाराची एक मी गुपचूप ठेवून घेतली होती. वर्षभर ती माझ्या खिशात होती. खोकला कमी झाला की हात तिच्याकडे जायचा. चारदा मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो. एक ऑक्टोबरला तर पार दारापर्यंत गेलो, किल्ली कुलपाशी नेली. तुझं पत्र दुसऱ्या खिशात होतं. मागे फिरलो. एवढं एक काम मी कोणी न अडवता, एकट्याने, स्वतःच्या मनाने केलं आहे असं मला वर्षभर वाटत होतं, आणि तसं मी चिमणीला सांगितलंही.

तिने किल्ली उलटीसुलटी करून बघितली. मग माझा हात धरून हळूच म्हणाली की ते कुलूप तिने जुलैतच बदललं होतं.

मी हसायला लागलो. आधी जरा राग आला होता, तो हसण्यात कुठे गेला कळलं नाही. तीही हसायला लागली, गिऱ्हाईकं बघायला लागली, मला काउंटरला धरून उभं राहावं लागलं. डोळ्यांतून पाणी, पोट दुखायला लागलं, तरी थांबता येईना. आणि सगळं हसून झाल्यावर दुकानात एकदम शांत झालं, तेव्हा आमच्या दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की मी खोकललो नाही.

लोभ करतेसच, फसवतेसही. दोन्ही चालू राहू दे.
तुझा धाकटा