फलकाची जागा

तीर्थरूप बाबा,
लेकीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा खोकला कसा आहे? आई कमी आहे म्हणते, पण मला घोर नको म्हणून ती तसंच लिहिणार.

परवा आमच्या कार्यालयाने नदीकाठी इतिहासाचा फलक लावला. तिथे पूर्वी होडी उलटून माणसं गेली होती. खरी जागा पुढच्या वळणावर आहे, पण तिथवर गाडी जात नाही, म्हणून साहेबांनी फलक पुलाजवळ उभा केला. मी ‘जवळच’ लिहिलं होतं, त्यांनी ‘याच ठिकाणी’ केलं.

समारंभाला एक आजी आल्या होत्या. त्यांचा भाऊ त्या होडीत होता. फलकापाशी मातीवर हात ठेवून त्या खूप रडल्या. मग मला म्हणाल्या, "इथेच ना गं?"

खोटं बोलायला तुम्ही घरी कधी शिकवलंच नाहीत. मी खरं सांगितलं.

"म्हणजे मी चारचौघांत पुलासाठी रडले होय?" एवढंच बोलून त्या हाताची माती झटकत निघून गेल्या. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. नोकरीवर गदा येईल असं वाटत नाही, तरी आईला सांगू नका.

आज आजींचा निरोप आला, वळणापर्यंत घेऊन चल म्हणून. त्यांचे गुडघे धड नाहीत, वाट दगडगोट्यांची. उद्या हात धरून नेईन. पण बाबा, तिथे पाण्याशिवाय काहीच नाही. ते बघून त्या म्हणाल्या, पुलापाशीच बरं होतं, तर मी काय बोलू?

तुमची,
धाकटी