शेवाळातली पाऊलवाट

प्रिय बाबा,

यंदा पठारावरचा बर्फ वसंताच्या मध्यावर, ऑक्टोबरातच वितळला. वाकड्या निलगिरीच्या झाडांखाली तेवढा थोडा उरलाय. रविवारी मी शेवाळाच्या पाणथळीत गेले, मोजणीसाठी ठोकलेल्या माझ्या खुंट्यांपाशी. चौदा उन्हाळे मी तिथलं शेवाळ मोजते आहे. पहिले आठ उन्हाळे तुमची गुरंही वर चरायला असायची, आणि मी ओणवी होऊन नोंदी करत असले की तुम्ही घोड्यावरून ओरडायचात, "थिर्झा, मोजून गवत वाढत नाही गं." मला हसू यायचं. ते मी तुम्हाला दिसू देत नसे.

आठव्या उन्हाळ्यानंतर मी राष्ट्रीय उद्यानाला अहवाल दिला. शेवाळाच्या मधोमध, सपाट खडकापाशी काळी, उघडी पडलेली पट्टी, तिच्यातून पाणी वाहून चाललेलं. कारण, गुरांचे खूर. त्या एका पट्टीच्या फोटोवर तुमचं पठारावरचं चारणं बंद झालं. गावच्या सभेत तुम्ही एवढंच म्हणालात, "माझी गुरं त्या खडकाच्या बाजूला फिरकत नाहीत. तिथे खायला आहे काय?" मागे कुणीतरी हसलं. मी कागद चाळत राहिले. तेव्हापासून नाताळला आपण एका टेबलाशी बसतो आणि फक्त हवामानावर बोलतो.

त्यानंतर सहा वर्षं तिथे एकही खूर पडला नाही, तरी पट्टी रुंदच होत गेली. दर वर्षी मी डायरीत लिहिलं, 'भरून यायला वेळ लागतो.' किती सहज लिहिलं मी ते.

रविवारी सोबत नेरिडा होती, उद्यानातली माझी सहकारी. तिने वरून काढलेला फोटो पुढे धरला. पट्टी गाडीरस्त्यापासून निघते, सपाट खडकाला वळसा घालते आणि नेमकी माझ्या खुंटीशी संपते. "काय गं, गुरं थर्मास घेऊन खडकावर बसतात का?" ती म्हणाली. चौदा वर्षं मी त्याच खडकावर बसून चहा प्यायले आहे.

शेवाळावर एकामागून एक चालायचं नाही, पांगून चालायचं, हे मी दहा वर्षांची असताना तुम्हीच शिकवलंत. कॉलेजातून आल्यावर मी ठरवलं की एकच वाट तुडवली तर बाकीचं वाचेल. फार शहाणी झाले होते.

येत्या गुरुवारी गावच्या हॉलमध्ये पुन्हा सभा आहे. ती पट्टी माझ्या बुटांनी पडली, हे मी निवेदनाच्या पहिल्या पानावरून माझ्या नावानिशी वाचून दाखवणार आहे. ते तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र. गुरांना मात्र मी परत येऊ देणार नाही. ओढ्याकाठच्या झऱ्यांचं त्यांनी काय केलं त्या नोंदी मी या आठवड्यात एकेक करून पुन्हा तपासल्या. त्या पक्क्या आहेत, आणि दुसऱ्या पानावरून मी त्याच वाचणार आहे. पहिल्या पानाला तुमचे दोस्त टाळ्या वाजवतील, दुसऱ्याला उठून जातील. तुम्ही दोन्ही पानं संपेपर्यंत बसा. माफी मला पहिल्या पानाचीच मागायची आहे, आणि ती समोर उभी राहून मागेन.

तुमचीच,
थिर्झा