गच्चीवरच्या खोलीची नोंद

३ जून
ठरलं. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत लातूरच्या सावित्रीबाई आणि त्यांचे मिस्टर भाड्याने राहतात, हे महापालिकेला आपणहून कळवायचं. रस्ता, ड्रेनेज, दिवे मी वापरणार आणि शहर मात्र राज्याच्या अनुदानावर चालणार? जो वापरेल त्याने कर द्यावा. इतकं सोपं आहे. उद्या जातो.

४ जून
गेलो नाही. बायकोला सांगून बसलो. साधनाचं म्हणणं, मोजणीवाले एका घरासाठी येत नाहीत, अख्खी गल्ली मोजतात. आणि चिखलीत गच्चीवर भाडेकरू नाही असं एक तरी घर दाखवा म्हणे.

७ जून
शेजारचे सयाजीकाका दारात. तुझ्या खरेपणापायी समद्यांच्या गच्च्या मोजायच्या व्हय रं, म्हणाले. लई हौस आली आसंल तर माझाबी कर भर. माझ्याकडे उत्तर होतं. ते गेल्यावर सुचलं.

११ जून
एकट्याने प्रामाणिक होणं हा एक प्रकारचा स्वार्थच नाही का? आधी गल्लीला पटवायला हवं. रविवारी मंदिरात मीटिंग. भाषण तयार.

१५ जून, रात्री
भाषण उत्तम झालं. 'शहर आपलं, पैसा आपला, हिशेब आपणच मागायचा!' प्रचंड टाळ्या. पुढचं वाक्य होतं, 'म्हणून आधी कर पूर्ण भरायचा.' ते टाळ्यांत बुडालं. काकांनी तिथेच मला फेरमोजणीविरोधी समितीचा अध्यक्ष केलं. नाही म्हणणार होतो, पण तोवर हातात नारळ आला होता. असो. आत राहून मतपरिवर्तन करता येईल.

२० जून
फेरमोजणी नको म्हणून शिष्टमंडळ घेऊन कर कार्यालयात. मॅडमनी सरळ मलाच विचारलं, तुमच्याकडे वर कोणी भाड्याने राहतं का? मागे सगळी गल्ली उभी. म्हणालो, पाहुणे असतात. हे खोटं का? भाडेकरूही शेवटी बाहेरून आलेली माणसंच. तरी उद्या एकटा जाऊन दुरुस्ती करतो.

२१ जून
फर्स्ट शिफ्ट. जमलं नाही.

२४ जून
गल्लीने माझा फ्लेक्स लावला. 'सामान्यांचा बुलंद आवाज.' माझ्याच गच्चीवर, ती खोली पूर्ण झाकून. दुपारी तरीही कर कार्यालयाचा मोजणीवाला आला, रस्त्यावरून घराचा फोटो काढून गेला. खोली दिसलीच नाही. मी दिसलो, हात जोडलेला.

संध्याकाळी सावित्रीबाई खाली आल्या. भाऊ, खिडकीतून दिवसभर तुमीच दिसायलात, उजेड काही येईना, म्हणाल्या. भाडं तरी कमी करा.

मी आधी गेटकडे पाहिलं. मग म्हणालो, जरा हळू बोला.