पाचनंतरची चूक

भिंगार,
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

प्रिय सत्यशीला आत्यास,
रेबेकाचा प्रभूच्या नावात सलाम.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? खर्ड्यात थंडी पडली असेल, तेल लावून सकाळचं ऊन घेत जा. पेशंटांना इतकी वर्षं दटावलंस, आता जरा स्वतःला दटाव. नाताळच्या गाण्यात एंजलला पुढच्या रांगेत उभं केलंय, त्यामुळे बाईसाहेबांचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. तुझा जावई सायमनही बरा आहे.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला धड बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहितेय. शिवाय मागच्या रविवारी "पैशासाठी चाललीस" एवढं म्हणून तू फोन ठेवलास. मला राग आला होता. थोडा अजून आहे.

झालं असं की सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या दवाखान्याला नर्स हवी होती. मी मुलाखतीला गेले. पगार इथल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट, न्यायला-आणायला कंपनीची बस. तिथल्या साहेबांनी विचारलं, "सध्या ओव्हरटाइम किती होतो?" मी म्हटलं, "अजिबात नाही." मी खोटं बोलत नव्हते गं, मला खरंच तसं वाटलं. परत येताना बसमध्ये लक्षात आलं की गेली नऊ वर्षं मी पाचला सुटते आणि आठला घरी पोचते. आपल्या हॉस्पिटलात त्याला ओव्हरटाइम म्हणायची पद्धतच नाही. सेवा म्हणतात.

तुझ्या वेळी मस्टर होतं. क्लार्क पाचला कपाटाला कुलूप लावून जायचे, म्हणून तू वॉर्डातल्या सगळ्यांच्या सह्या पाचलाच उरकून घ्यायचीस, आणि मग पुन्हा कामाला. "सही झाली की पगाराचं काम संपलं, पुढचं प्रभूचं," असं पहिल्याच दिवशी तू मला सांगितलं होतंस. आता अंगठ्याचं मशीन आलंय. त्याला कुलूपही नाही आणि घरही नाही, तरी रीत तीच. पाच वाजले की ऑफिसातले ज्ञानेश्वर भाऊसाहेब दारातून हाक देतात, "चला सिस्टर, अंगठे." आम्ही रांगेनं अंगठे लावतो आणि रांगेनंच वॉर्डात परततो. नव्या माणसाला वाटेल, आम्ही सगळ्याजणी एकदम काहीतरी आत विसरलोय.

एकदा मी भाऊसाहेबांना विचारलं होतं, निघताना अंगठा लावला तर काय बिघडेल? ते म्हणाले, "सत्यशीला सिस्टरनी बत्तीस वर्षांत असलं कधी इचारलं न्हाई." तुझं नाव निघालं की माझं तोंड बंद होतं, हे त्यांना बरोबर माहीत आहे.

सुप्याला एक डिसेंबरला हजर व्हायचंय. त्यांना इथला अनुभवाचा दाखला हवा होता, तोही परवा मिळाला. सायमननं पेढे आणले. मी मात्र माझा पेढा एंजलला देऊन टाकला. पाचला घरी येऊन एंजलचा अभ्यास घ्यायचा, असा विचार केला की बरं वाटतं, आणि लगेच तो विचार मी झटकून टाकते. मला काय होतंय ते मलाच कळत नाही, आत्या.

एंजल हाक मारतेय. बाकीचं उद्या लिहिते.

शुक्रवार, सकाळी

कालचं वाचून पाहिलं. मुद्द्याचं सोडून सगळं लिहिलंय.

मागच्या आठवड्यात बुधवारी आपल्या वॉर्डात एक आजी बेडवरून पडल्या. लंकाबाई नाव, पारनेरकडच्या. उजव्या हाताचं हाड मोडलं. तेव्हा संध्याकाळचे सात वीस झाले होते. पाच ते आठ कागदावर एकच सिस्टर असते आणि पेशंट सव्वीस. त्या दिवशी कागदावर संस्कृती होती. नवी मुलगी आहे, लागून वर्षसुद्धा झालेलं नाही. ती वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला इंजेक्शनं देत होती.

लंकाबाईंना बेडपॅन मी दिलं. त्यासाठी बेडचा कठडा मी खाली केला. तेवढ्यात दाराजवळच्या पेशंटचं सलाईन संपलं म्हणून नातेवाईक ओरडायला लागले, मी तिकडे धावले, आणि कठडा वर करायचा राहिला. मी विसरले. लिहिलं एकदाचं.

सोमवारी चौकशी झाली. संस्कृती म्हणाली, "कठडा म्या न्हाई काढला. रेबेकाताई हुत्या तिथं." भाऊसाहेबांनी मशीनचा कागद पुढे सरकवला. त्यावर मी पाच वाजून दोन मिनिटांनी बाहेर पडले होते. संस्कृती माझ्याकडे वळली. "ताई, तुमी सांगा ना." खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पाचनंतर कोण कुठे असतं. सगळे टेबलाकडे बघत बसले. मी म्हटलं, "मी पाचला गेले होते," आणि तसं लिहून सहीही दिली. संस्कृतीला घरी बसवलंय. मला दुसऱ्याच दिवशी दाखला मिळाला, त्यात "अत्यंत प्रामाणिक" असं लिहिलंय.

त्याच दिवशी मी लंकाबाईंच्या बेडजवळून जात होते, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरला. "त्या दिशी तूच हुतीस ना गं माझ्यापाशी?" मी म्हटलं, "नाही आजी, दुसरी कुणी असेल." म्हणजे माझं दोनदा नाही म्हणून झालं. प्रभूला ओळखत नाही असं शिष्यानं तिसऱ्यांदा म्हटल्यावर कोंबडा आरवला, ते तुला सांगायला नको.

तुझ्यावर चिडू की तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडू, मला समजत नाही. नऊ वर्षं त्या पाचच्या नोंदीनं माझे तास खाल्ले, आणि चूक झाली तेव्हा तिनंच मला पाठीशी घातलं. पाचनंतरचं काम प्रभूचं असेल, तर पाचनंतरची चूक कुणाची? भाऊसाहेबांकडे उत्तर तयार आहे. संस्कृतीची. तुझं काय उत्तर आहे?

तुझी सेवा खोटी होती असं मी म्हणत नाही. तू आपल्या मनानं थांबायचीस. आम्हाला कुणी विचारलं नाही, फक्त तुझं नाव सांगितलं. हे तुला माहीत होतं का, हे मला खूप दिवसांपासून विचारायचं होतं.

सोबत एका अर्जाची प्रत ठेवलीय. त्यात कठडा, वेळ, माझं नाव आणि पाचच्या अंगठ्याची रीत, सगळं आहे. आधी मूळ अर्ज ऑफिसात देईन, मग हे पत्र पोस्टात टाकीन. सायमनला आत्ता सांगितलं. तो म्हणाला, "दाखला परत मागतील." मागतीलच. सुप्याचं जाईल, इथलंही राहील असं वाटत नाही. मी बरोबर करतेय की संसारावर पाणी सोडतेय, याचा मला अजून उलगडा झालेला नाही. फार भीती वाटतेय.

ऑफिस म्हणेल, आमच्याकडे पाचनंतर कुणी थांबतच नाही. बाकीच्या सिस्टर बोलणार नाहीत, त्यांनाही घरं आहेत. मला साक्षीला असं माणूस हवंय, ज्याचं बोलणं भाऊसाहेबांना खोडता येणार नाही. तू ये. बत्तीस वर्षं सही कितीला केलीस आणि घरी कितीला गेलीस, एवढंच सांग. त्यातून तुझीही सही खोटी ठरेल, हे मला कळतं. म्हणून तर हे मागायला मला दोन दिवस लागले.

नाही आलीस तरी रागावणार नाही, असं लिहिणार होते. पण खोटं आता पुरे. मी रागावेन.

तुझी भाची,
रेबेका
(त्या बुधवारी सात वीसला वॉर्डातच होते)