सेरेआना बाईंची बदली

शिक्षणाधिकारी साहेबांना बेटावरून इलाइतिया म्हाताऱ्याचा नमस्कार.

सेरेआना बाईंनी बदली मागितलीय, ती देऊ नका. दर सोमवारी पोरांची पोटं दुखतात म्हणून तुम्ही जंताच्या गोळ्या धाडल्यात. साहेब, खरे जंत आम्ही गावकरीच! चर्चचं गाणं बसवायला बाई, रग्बीच्या पोरांना बाई, लग्नातल्या पाहुण्यांना बाई. आमच्यात मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. रविवारभर राबून बाई सोमवारी वर्गावर खेकसायच्या.

नात मिरियामा म्हणाली, "आजोबा, बाई दमलेल्या दिसल्या की आमच्या पोटात गोळा येतो."

"मग आधी का नाही बोललीस गं?"

"तुम्हीच तर त्यांना सारखे बोलावता!"

आता गावानं ठरवलंय, सुट्टीच्या दिवशी बाईंचं दार वाजवील त्यानं चर्चचं गवत कापायचं. पहिलं गवत मीच कापलं. पण तीन सोमवार झाले, एकाही पोराचं पोट दुखलं नाही.

तुमच्या कचेरीला पत्र इंग्रजीत लागतं, आणि हे इंग्रजीत करून द्यायला गावात बाईंशिवाय कोणी नाही. आज शनिवार, भरदुपारी त्या गाढ झोपल्यात. टपालाची बोट भोंगा देतेय. जाऊ दे गेली तर.

आपला,
बाईंच्या फाटकाबाहेर पहाऱ्याला बसलेला
इलाइतिया