नावे येईपर्यंत उठू नये

रविवार, ४ जानेवारी

सकाळी मुक्ताचा अंधेरीहून फोन. चित्रपट शुक्रवारी येत आहे. थिएटरात नाही, थेट इंटरनेटवर, घरबसल्या. वेशभूषा विभागात साहाय्यक म्हणून अखेरच्या नामावळीत तिचे नाव आहे. 'बाबा, शेवटपर्यंत बसा हं,' एवढे बोलून ठेवला. आमच्या घराण्यात पडद्यावर नाव येणारी ही पहिली.

अण्णांना बदलापूरला लगेच कळविले. 'जय भीम' झाल्यावर थोरल्या भावाचा पहिला प्रश्न : 'नाव आडनावासकट आहे का रे? त्या लायनीत आडनाव गाळतात म्हणे.' 'असेल ना,' म्हणालो. म्हणालो खरा. कारखान्यात आडनाव सांगून झाले की समोरच्याचा चेहरा वाचायचा, ही सवय अण्णांना चाळीस वर्षांपासूनची. मलाही आहे. मुलीला विचारणे प्रशस्त वाटत नाही. विचारले, तर आपल्याला शंका आली होती हे तिला कळेल.

दुपारी टीव्ही तपासला. 'हे ॲप या उपकरणावर आता चालणार नाही.' सौ. म्हणाली, 'नवीन घ्या.' चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, असा टीव्ही मी टाकणार नाही. शेजारचे गोपालदास म्हणाले, 'अशोकभाई, मोबाईल पे देख लो ना!' आमच्या मुलीचे नाव तळहातावर पाहायचे? नाही.

मुलाचा, निखिलचा, गेमचा कन्सोल माळ्यावर आहे, हे अंघोळीच्या वेळी आठवले.

मंगळवार, ६ जानेवारी

कन्सोल काढला. निखिल बंगळूरला गेला तेव्हा मीच उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवला होता. वायरींना चिठ्ठ्या लावलेल्या. अक्षर माझे. सौ. : 'एवढं तर तुम्ही लग्नाचे फोटोही जपले नाहीत.'

टीव्हीला जोडला. चालू झाला! सिनेमाचे ॲपही त्यात उतरवून घेतले. उघडायला गेलो, तर चार आकडी कोड मागू लागला. हे कुलूप मीच घातलेले. निखिलच्या बारावीच्या वर्षी. कोणालाही न सांगता, कोठेही न लिहिता. सुरक्षेचा नियम काटेकोरपणे पाळल्यामुळे आता मलाही आठवेना. सुचले ते सर्व घालून पाहिले. शेवटी निखिलला फोन, कंपनीकडून कुलूप काढता येईल का हे विचारण्यासाठी.

'बाबा, आईची जन्मतारीख, उलटी.'

'तुला कसे ठाऊक?'

'पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तुमचे सगळे कोड आईच्या तारखेचेच असतात, सुलटे नाहीतर उलटे.'

म्हणजे वर्षभर कुलूप फक्त माझ्यासाठी होते. सौ. इतकी हसली की चहा उतू गेला. तरी बारावीला प्रथम श्रेणी आणली पठ्ठ्याने, हे येथे नमूद करतो.

बँकेच्या कार्डाचा कोड आजच बदलला.

शुक्रवार, ९ जानेवारी

चित्रपट आला. यादीत दिसला, चित्रासकट. उघडला नाही. रविवारी सर्वांबरोबरच पाहायचा, असे ठरले आहे.

रंगीत तालीम दुसऱ्याच एका चित्रपटावर केली. आवाज योग्य. चित्र थांबवून कंट्रोलर हाताळला नाही, तर थोड्या वेळाने कन्सोल निजतो. बटण दाबले की जागा होतो. खुर्च्यांची मांडणी केली. अण्णांची मधोमध. अर्धा तास चालवून समाधानाने बंद केले. टीव्हीला नवजीवन दिल्याचे श्रेय कोणी देत नाही, तेव्हा येथे स्वतःच घेतो.

रविवार, ११ जानेवारी

दुपारी अण्णा आणि वहिनी आले. गोपालदास पापडांचा डबा घेऊन आले. अण्णा कन्सोलकडे पाहून : 'अरे, हे पोरांचं खेळणं ना? त्यातून सिनेमा?' एका बटणात चालू करून दाखविला. अण्णांनी वहिनींकडे पाहिले. ते मी टिपले.

मध्यंतराच्या सुमारास नायक गॅरेजमधून बाहेर येतो, तोच गोपालदास खुर्चीतून उठले. 'रोको, रोको! साईं, ये तो अपना माल है!' त्यांच्या कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात मुक्ता दोन दिवस बसली होती. यंत्राने विटविलेली जीन्स एकसारखी विटते, मेकॅनिकची तशी विटत नाही, असे तिचे म्हणणे. तिने गुडघे आणि उजवा खिसा तेवढाच विटेने घासला होता. 'मेरा कारीगर बोला, मॅडम पागल है. अब देखो!' चित्र थांबवून तो खिसा सर्वांनी पाहिला. खिशाच्या कडेला पान्याच्या आकाराचा फिका डाग. अण्णा पुढे वाकले. 'पाना उजव्याच खिशात राहतो,' म्हणाले. अण्णा आयुष्यभर फिटर होते. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी पावती मला ठाऊक नाही.

आणि मग शेवट. नावे वर सरकू लागली, एवढ्यात चित्र आक्रसून कोपऱ्यात तिकिटाएवढे झाले आणि भलताच चित्रपट सुरू झाला. गोळीबार! मी घाईत बटण दाबले, ते चुकीचे. सगळेच बंद. तालीम अर्ध्यावर थांबविली होती. शेवट तपासलाच नव्हता. बाकी सर्व हिशेब तपासून अखेरची शिल्लक न पाहणारा लेखापाल मी कामावर ठेवला नसता.

पुन्हा लावतो म्हणालो, पण सिनेमा संपला की उठायचे, ही आमच्याकडची रीत. वहिनींनी चपला घातल्याही होत्या. अण्णा : 'राहू दे. नावं काय, मोठ्यांचीच वाचायची असतात.' मात्र जिन्यात, माझ्यापुरते, हळू आवाजात : 'असेल का रे आडनाव?'

सोमवार, १२ जानेवारी

कामावरून आल्यावर अभ्यास केला. कोपऱ्यातल्या तिकिटावर बाणाने जायचे, मधले बटण दाबायचे, चित्र पुन्हा मोठे होते. दुसऱ्याच चित्रपटावर तीनदा करून पाहिले.

आपला लावून नाव पाहणे आता सहज शक्य होते. सौ. म्हणालीही, 'बघून टाका, जीव भांड्यात पडेल.' नाही. अण्णा विचारून गेले आहेत. त्यांच्याआधी मी पाहणार नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

मुक्ताचा फोन. 'पाहिलंत?' जीन्सविषयी सांगितले, पान्याचा डाग, अण्णांचे बोलणे. मग, 'मोठे बाबा असं म्हणाले?' आणि मग, 'नाव?'

'रविवारी पाहतो. तांत्रिक अडचण होती.'

'तुम्हाला? तांत्रिक?' हसली. आडनावाचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

रविवार, १८ जानेवारी

अण्णा एकटेच आले. इस्त्रीचा शर्ट, वाचायचा चष्मा खिशात. मी थेट शेवट लावणार होतो. 'मधूनच नको. पहिल्यापासून लाव.' पुन्हा पूर्ण पाहिला. जीन्स आली तेव्हा अण्णा पुन्हा पुढे वाकले.

शेवट आला. चित्र आक्रसले. बाण, मधले बटण. मोठे झाले! नावे चढू लागली. प्रकाश, ध्वनी, कितीतरी माणसे. वेशभूषा. थांबविले.

मुक्ता. मग माझे नाव. मग आडनाव. संपूर्ण. शाळेच्या दाखल्यावर आहे तसे.

अण्णा उठून टीव्हीपाशी गेले, चष्मा लावला, काचेवर बोट ठेवून मोठ्याने वाचले. मग दुसऱ्यांदा वाचले. 'अशोक, तुझंही नाव आहे रे यात.' सौ. ओट्यापाशी पदराने डोळे पुशीत होती. मी काय करीत होतो, ते लिहीत नाही.

तिला तेथूनच फोन लावला. अण्णा म्हणाले, 'जय भीम, पोरी. वाचलं.' एवढेच. ती रडली, मग हसली. मग म्हणाली, 'बाबा, पुढच्या सिनेमावाले म्हणतायत नाव छोटं ठेवा, नुसतं मुक्ता अशोक. काम मोठं आहे. मी अजून काही बोलले नाही.'

उत्तर माझ्या तोंडात तयार होते. दिले नाही. म्हणालो, 'नाव तुझे आहे. विचार कर.' अण्णांनी माझ्याकडे पाहिले, मान हलविली. होकार की नकार, ते कळले नाही.

फोन ठेवेपर्यंत कन्सोल निजू लागला, पडदा मंद झाला, अक्षरे पुसट. मी उठणार, तोच अण्णांनी कंट्रोलर उचलला. आयुष्यात प्रथमच. मधले बटण नेमके शोधले आणि अलगद दाबले.

नाव पुन्हा उजळले. चहा होईपर्यंत त्यांनी ते तीनदा विझू दिले नाही.