पटावरचं दहावं नाव

२५ फेब्रुवारी, सोमवार

हेडमास्तर नाशपत्यांची पेटी घेऊन आले. पेटी मोठी, म्हणजे कामही मोठं.

शाळेत नऊ मुलं आहेत. दहा झाली नाहीत तर परदेशातून येणारी इंग्रजीची बाई दुसऱ्या शाळेला जाणार. नियमच आहे म्हणे. यंदा पहिलीत घालायला गावात मूल नाही. नवीन मूल जन्माला घालण्याच्या वयातली एकही बाई आता या डोंगरात राहत नाही, म्हणून हेडमास्तर म्हाताऱ्यांकडे वळले.

"आजी, तुम्ही शाळेत कधीच गेला नाहीत ना? मग तुमचं नाव पहिलीत घालता येतं."

म्हटलं, मला लिहिता-वाचता येतं. म्हाताऱ्यांच्या मंडळाच्या खोलीत शिकले, सहा वर्षं झाली. तर म्हणतात, "ती शाळा धरत नाहीत. कागदावर तुम्ही निरक्षरच." खुशीत म्हणाले!

एकाहत्तर वर्षांत माझं अडाणीपण पहिल्यांदाच कोणाच्या उपयोगी पडणार होतं. हाकलून दिलं. पेटी ठेवून घेतली.

२६ फेब्रुवारी

तेसोकचा फोन. माझा मुलगा, चांगवोन शहरात कारखान्यात असतो. बायको सोडून गेली तेव्हा पोरीला माझ्याकडे आणून टाकली, त्याला तीन वर्षं झाली. आता म्हणतो, "आई, इंग्रजीची बाई येणार नसेल तर सेआला मी इकडे घेऊन येतो. इंग्रजीशिवाय पोरीचं वाटोळं होईल."

म्हटलं, मी इंग्रजीशिवाय तुला वाढवला.

"तेच तर म्हणतोय," म्हणाला. शिंचा!

मग सेआने फोन घेतला आणि तो घेऊन अंगणातल्या पर्सिमनच्या फळझाडाखाली गेली. नेहमी तिथेच जाऊन बोलते. काय बोललीस विचारलं की "काही नाही." इथे बरं वाटतं का, हे मी कधी विचारलेलं नाही. विचारलं की उत्तर येतं.

२७ फेब्रुवारी

पेटी फोडली. नाशपती खाल्ली. हेडमास्तरांना निरोप पाठवला — घाला नाव.

१ मार्च, शुक्रवार

बाई आली. ऑर्ला. आयर्लंडची. शाळेच्या खोलीत गरम पाण्याचा नळ फुटलाय म्हणून माझ्या खालच्या खोलीत आणून ठेवली. चोवीस वर्षांची, बगळ्यासारखे लांब पाय, नाकावर ठिपके. अर्जात राजधानीचं सोल शहर मागितलं होतं म्हणे. मिळालं आमचं खेडं, सोलगोल. रडून डोळे सुजले होते.

माझं लग्नही असंच झालं. मागितलं एक, मिळालं एक. भात वाढला.

३ मार्च

सरपंचाने सकाळी सहाला कर्ण्यावरून सांगितलं — "हादोंगवाली आजी उद्या पहिलीत जाणार, सर्वांनी अभिनंदन करावं." त्याच्या पुढचं वाक्य — खताची पोती आली आहेत.

नामहेवाली कुंपणावरून ओरडली, "पहिलीत दात पडतात ना गं? तुझे तर आधीच पडलेत, तू थेट दुसरीत बस!"

ही नामहे बेटावरून नांदायला आली, मी हादोंगहून. माहेरच्या गावावरून हाक मारायची, ही इथली पद्धत. चाळीस वर्षं आमचं एकच कुंपण आहे. जीभ मात्र तिची मोठी.

४ मार्च, सोमवार

पहिलीच्या रांगेत मी एकटी. हातात फुलांचा गुच्छ दिला, मेलेल्याला देतात तेवढा.

हेडमास्तरांनी कागदावरून वाचलं, "किम पिलनाम." कोणी उठेना. मीही इकडेतिकडे बघितलं, कोण ही. शेजारच्या रांगेतून सेआने कोपर मारलं — "आजी! तूच!"

ते नाव माझं नाहीच. माझ्याआधी एक बहीण झाली, तिचं ते. अर्थ असा, की पुढच्या खेपेला मुलगाच होऊ दे. ती दोन वर्षांची होऊन वारली आणि मग झाले मी. बापाने मृत्यूची नोंद केली नाही, माझ्या जन्माचीही केली नाही, तिचाच कागद मला लावला. नाव वाया गेलं नाही, पुन्हा लागू पडत होतं. म्हणून कागदावर मी त्र्याहत्तरची.

२० मार्च

इंग्रजीच्या तासाला दहाही जणांना एकाच वर्गात बसवतात. आज घोटाळा झाला.

बाईने जोड्या लावल्या. एकाने विचारायचं, तुझं नाव काय, दुसऱ्याने सांगायचं. माझ्यासमोर दुसरीतली छोटी चेवॉन आली. ती विचारेचना. आजीला तिचं नाव विचारायचं? आणि वर त्या नावाने हाक मारायची? पोरगी लाल झाली आणि मग रडायलाच लागली. वर्गाच्या युनबाई धावत आल्या. ऑर्लाला वाटलं, मी चेवॉनला चिमटा काढला!

युनबाईंनी समजावलं. समजावून होईतो तास संपला.

२१ मार्च

ऑर्लाने तोड काढली. वर्गात प्रत्येकाचं इंग्रजी नाव असतंच — सेआचं लूसी, चेवॉनचं कसलंसं फुलाचं. त्या नावाला वय नसतं, मान नसतो, काही नसतं. मलाही एक घ्यायला सांगितलं. फळ्यावर वीस नावं लिहिली.

विचारलं, सगळ्यात कमी अक्षरं कशात? मेग. इंग्रजीत तीनच. ते घेतलं.

चेवॉन लगेच म्हणाली, "मेग, तुझं नाव काय?" आणि सगळे हसून लोळले. मी सांगितलं, मेग.

निदान हे आधी कोणाचं नव्हतं. म्हणजे घरातल्या कोणाचं.

१४ एप्रिल

पोरं चढली आहेत. रस्त्यात भेटली की आधी कमरेत वाकून "आजी, जेवलात का?" आणि शाळेचं दार ओलांडलं की "मेग, तुझं खोडरबर दे." सेआही. घरी आजी, वर्गात मेग. परवा वर्गात मला म्हणाली, "मेग, तू आळशी आहेस. पाठ केलं नाहीस." बरोबर बोलली. पण घरी बोलली असती तर पायताण काढलं असतं.

३ मे

मिरचीची रोपं लावली. गुडघे गेले.

९ मे

बाईने "मला हवंय" शिकवलं. पोरांना पिझ्झा हवाय, कुत्रा हवाय, फोन हवाय. माझी पाळी आली. मी म्हटलं, मला खुर्ची हवीय. पाठीची. तासाभरात हेडमास्तरांच्या खोलीतली खुर्ची आली. ही भाषा कामाची आहे.

सेआ म्हणाली, तिला काही नकोय.

२२ मे

ऑर्ला अंगणात उभी राहून आईशी फोनवर बोलते. आता त्यातले दोन-चार शब्द मला कळतात. आई. ये. हवंय. घर. कळायला लागलं की ऐकावंसं वाटत नाही. आत जाऊन भांडी आपटली.

नंतर तिला लसणीचा भाजलेला गड्डा दिला. खाल्ला तिने! डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, लसणीमुळे. म्हटलं, हो.

२९ मे

बारा जूनला उघडा तास. शिक्षण कचेरीची माणसं मागे बसून बघणार, बाई पुढच्या वर्षी इथे ठेवायची की नाही ते ठरवणार. त्यामुळे युनबाई रोज शेवटच्या तासाला आम्हाला गुपचूप तोच तास घोकून घेतात. कोणी काय विचारायचं, कोणी काय सांगायचं, कोणी कुठे चुकायचं — हो, एकाने चुकायचंही, नाहीतर खरं वाटत नाही. चुकायचं काम मला दिलं. युनबाई म्हणाल्या, "आजी, तुम्हाला फार सराव लागणार नाही."

ऑर्लाला हे कोणी सांगितलेलं नाही. पोरं एकाएकी एवढी हुशार कशी झाली, या आनंदात आहे बिचारी.

५ जून

माझी जोडी सेआशी. मी विचारायचं, तुला कुठे राहायला आवडेल? तिने म्हणायचं, मला सोलगोलमध्ये आजीजवळ राहायला आवडेल. हेडमास्तरांनी स्वतः लिहिलंय. कचेरीच्या लोकांना असलं आवडतं — खेडं, म्हातारी, डोंगर.

सेआ घरी हे वाक्य म्हणत नाही. म्हणते, "पाठ आहे मला."

१० जून

लसूण उपटला. अर्धा राहिला. तेसोकला सांगितलं, बाई टिकेल बहुतेक, पोरगी इथेच राहील. "बरं," म्हणाला. मोठा सुस्कारा टाकला. सुटल्याचा की कसला, फोनवर कळत नाही.

१२ जून, बुधवार

उघडा तास झाला.

कचेरीचे चारजण मागे बसले होते, गळ्यात ओळखपत्राच्या पट्ट्या. पोरं पोपटासारखी बोलली. मी ठरल्या जागी चुकले. एक जागा न ठरलेलीही.

मग आमची पाळी. मी उभी राहिले, खुर्चीला धरून. विचारलं. पूर्ण वाक्य, इंग्रजीत, एका दमात — तुला कुठे राहायला आवडेल?

सेआने माझ्याकडे बघितलं. ठरलेलं बोलली नाही. म्हणाली, "मेग, मला बाबांजवळ राहायचंय. रोज हवंय. पण आजीला सांगू नकोस."

तेही इंग्रजीत. पाठ न केलेलं. ऑर्लाने आनंदाने टाळ्या वाजवल्या. कचेरीतल्या बाई पुढे वाकून लिहायला लागल्या — मुलगी मनाने वाक्यं बनवते! हेडमास्तर खुर्चीत वरखाली होत होते. युनबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

मेगने मान हलवली आणि खाली बसली.

घरी येताना धरणाच्या वळणावर सेआ म्हणाली, "आजी, मी काय म्हटलं ते तुला कळलं?"

म्हटलं, "मला कुठलं कळतंय? मी पहिलीत आहे."

मग ती पुढे पळाली. उड्या मारत.

१३ जून

उरलेला लसूण उपटला. सगळा. अंधार पडेपर्यंत. नामहेवाली म्हणाली, "अगं, पाऊस येणार आहे का?" म्हटलं, नाही.

१४ जून

हेडमास्तर आले, हातात पेटी नाही. बाई पुढच्या वर्षीही राहणार. कचेरीची माणसं खूश. "आजी, तुमच्या नातीने शाळा वाचवली," म्हणाले. फक्त पट दहाच्या खाली जाता कामा नये.

१७ जून, सोमवार

तेसोकला फोन केला. म्हटलं, सुट्टी लागली की गाडी घेऊन ये, पोरीला शहरातलं इंग्रजी शिकू दे. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. म्हटलं, रडायचं असेल तर फोन ठेवून रड, पैसे पडतात.

सेआला सांगितलं, तुझ्या बापाचाच हट्ट आहे, मी काय करू.

मग लसणीच्या दोन जुड्या घेऊन कुंपणापलीकडे गेले. नामहेवालीला म्हटलं, सुट्टीनंतर माझ्याबरोबर शाळेत चल, एक जागा रिकामी होतेय. खुर्ची पाठीची मिळते. तिने शिव्या घातल्या. मग लसूण घेतला. म्हटलं, फॉर्मवर लिहायला हवं, तुझं नाव काय गं?

चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं.

तिने एक गड्डा सोलला. मग म्हणाली, "कागदावरचं सांगू, की माझं?"